सुखदेव पाणी मोजायला यायचा

सावदा स्टेशनावर त्या दिवशी दिल्लीकडे जाणारे केळीचे डबे भरणं चालू होतं. माझा माल थोडाच होता, पण नंबर लागायला वेळ होता, म्हणून मी पानांच्या ढिगाशेजारी उभा राहून हमालांशी बोलत होतो. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या ऑफिसातला कारकून हाका मारत आला. "प्रल्हादभाऊ, धुळ्याहून तुमच्यासाठी फोन होता." फोन सुजाताचा होता. सुजाता म्हणजे माझा मित्र सुखदेव तायडे याची मुलगी. कारकुनाला सुखदेव कोण हे ठाऊक नव्हतं. त्याने निरोप चिठ्ठीवर उतरवून घेतला होता, तो जसाच्या तसा वाचून दाखवला. "सुखदेव तायडे पहाटे गेले. दुपारी चारला." आणि मग मलाच विचारलं, "दुपारी चारला काय आहे, भाऊ?" मी म्हणालो, "अंत्यविधी असेल"... आणि तिथेच त्या पानांवर बसलो. एका हमालाने तांब्या आणून दिला. मालाचं काय झालं ते मी नंतरही विचारलं नाही. आधी भुसावळ, मग जळगाव, मग धुळे अशा तीन बस बदलून मी पोचलो, तेव्हा सुखदेवला उचलायची तयारी झाली होती. त्याची बायको, कमलवहिनी, मला पाहून एवढंच म्हणाली, "त्यास्नी तुमनी याद काढी, भाऊ."

त्याला आता पाच आठवडे होतील. सुखदेवचं नाव कधी वर्तमानपत्रात आलं नाही, त्याचा कुठे सत्कार झाला नाही. सरकारच्या पाणी-सर्वेक्षणाच्या खात्यात तो विहिरी मोजायचं काम करत होता. यावल तालुक्यात त्याने आयुष्याची चांगली वर्षं काढली आणि शेवटी बदली होऊन धुळ्याला स्थायिक झाला. पण माझ्या शेतात आज जे काही हिरवं दिसतं, आणि माझ्यात जी काही माणुसकी उरली असेल, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. हे मी तो असताना त्याला कधी म्हटलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या वरच्या अंगाला. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेत गेलेले. सुखदेवची आई तान्हाअक्का आमच्या शेतात कामाला यायची. तेव्हा आमच्याकडे केळी फार थोडी होती. ज्वारी, उडीद, कपाशी हीच पिकं. कापणीची मजुरी धान्यात मिळायची. अक्का संध्याकाळी पदरात ज्वारी बांधून घरी न्यायची, त्यात उडीद मिसळून कळण्याची भाकरी करायची, आणि सुखदेव ती शाळेत घेऊन यायचा. माझी आई अक्काला पाणी वरून ओतायची आणि अक्का ओंजळीने प्यायची. हे रोज डोळ्यांसमोर होत होतं आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पुढे विहिरीवर इंजिन बसलं, तेव्हा आईने आपला एक नियम काढला, की इंजिनातून येणाऱ्या पाण्याला विटाळ नाही. मग सुखदेव आणि मी एकाच हौदावर तोंड लावून पाणी प्यायला लागलो. मोठेपणी तो हे सांगून हसायचा. "तुह्या आईपेक्षा ते इंजिन बरं होतं, पल्हाद." मीही हसायचो. पण तो किती हसतो आहे आणि किती नाही, हे मी कधी नीट पाहिलं नाही.

तो शिकला, नोकरीला लागला, दोन-चार ठिकाणी फिरून ऐंशीच्या सुमाराला यावलला आला. मोजणीचे दिवस आले की सायकलवरून गावात यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत लोखंडी टेप आणि खडू. टेपच्या टोकाला तो खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायचा आणि वर ओढून पाहायचा. जेवढा खडू ओला, तेवढा भाग पाण्यात गेलेला. मग काठावर बसून वहीत आकडा लिहायचा. इतकं साधं काम, पण मूल झोपलं आहे की जागं आहे हे दार न वाजवता बघावं, तसा तो विहिरीत डोकवायचा. माझ्या विहिरीचं झालं की आम्ही बांधावर बसायचो. हिवाळ्यात मी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायचो, निर्मला, म्हणजे माझी बायको, घरून कळण्याची भाकरी पाठवायची, आणि भरीत खाता खाता तो सांगायचा, "दोन हात खाली गेलं यंदा." पुढच्या वर्षी पुन्हा, "अजून हातभर." मी म्हणायचो, "पाऊस कमी झाला." तो म्हणायचा, "पाऊस तेवढाच हाये, पल्हाद. केळी वाढली."

केळी वाढली होती हे खरं. त्या वर्षांत आमच्या भागातल्या माणसाला केळीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. ज्याच्याकडे विहीर त्याची बाग, ज्याच्याकडे बाग त्याचं पक्कं घर. ज्वारीला कोण विचारतो? आम्ही खायची ज्वारी बोदवडकडून विकत आणायला लागलो आणि त्यात आम्हाला मोठेपणा वाटायचा. मजुरीही रोख झाली. रोख हातात आली हे बरंच, पण सुखदेवच्या वस्तीतल्या घरांतून ज्वारीची कणगी गेली, रेशनच्या गव्हाची पिशवी आली, आणि ती कधी यायची, कधी यायची नाही. सुखदेव एकदा स्टेशनावर माझ्याबरोबर आला होता. डब्यात चढणारे घड बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "घड म्हंजे काय, पानीच हाये हे. तू गावचं पानी डब्यात भरून दिल्लीले धाडू राह्यला." मला ते इतकं गमतीचं वाटलं की मी ते चार लोकांना सांगितलं.

मग मी बोअर घ्यायचं ठरवलं. जुनी विहीर उन्हाळ्यात आटायला लागली होती. वरच्या शेतात, नाल्याला लागून, मी जागा धरली. सुखदेवला कळलं तसा तो मोजणीचा दिवस नसतानाही आला. सायकल बांधाला टेकवून माझ्यासमोर उभा राहिला.

"पल्हाद, इथं नको घेऊ. दुसरीकडे घे."

"काबरं?"

"या नाल्याचं पानी खालून आमच्या वस्तीच्या विहिरीत जाते. तू ते वरच्या वर ओढून घेशीन."

"गावात एवढे बोअर झाले. माह्या एकानं काय होते?"

"मले प्रत्येक जन हेच म्हनते."

मी चिडलो. म्हणालो, "तू सरकारी माणूस आहेस, सरकारला सांग ना." त्याने बांधाला टेकवलेली सायकल सरळ केली. मग म्हणाला, "मी सरकारी मानूस म्हनून आलो नव्हतो." आणि सायकल घेऊन गेला.

बोअरची गाडी आली. दक्षिणेकडची माणसं, त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण पाणी लागलं तेव्हा ती आमच्याइतकीच नाचली. चिखलाच्या पाण्याचा फवारा उडाला, मी अंगावर घेतला, गावात पेढे वाटले. वस्तीतही वाटले.

पुढच्या चैत्रात वस्तीची विहीर आटली. पूर्वीही ती उन्हाळ्याच्या शेवटी खाली जायची, पण तळातून तांब्याने भरून घेण्याइतकं तरी पाणी असायचं. त्या वर्षी तळाला नुसता गोटा. बायका हंडे घेऊन माझ्या बोअरवर यायला लागल्या. पहिल्यांदा मी भरू दिलं. मोटर चालू असायची तेव्हाच पाणी, आणि वीज तर येईल तेव्हा येणार. म्हणून गर्दी व्हायची, वाफे तुडवले जायचे, माझी नवी लागवड होती... कारणं मला आजही सगळी पाठ आहेत. मी बाभळीच्या काट्यांचा झाप करून वाटेवर लावला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका मुकाट्याने परत गेल्या. तान्हाअक्का गेली नाही. सत्तरीची म्हातारी, काट्यांच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "पल्हाद बापू, मोटर चालू झाली का आवाज दे. मी इथी सावलीत बसते."

मोटर दुपारी चालू झाली. मी आवाज दिला नाही. ती तिथे आहे हे मला माहीत होतं. मी बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाफ्यांना पाणी देत बसलो. एकाला दिलं तर सगळ्या येतील, असं स्वतःला सांगत होतो. परत आलो तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं. अक्का तशीच पुढे गावाबाहेरच्या लांबच्या विहिरीवर गेली होती, आणि भरलेला हंडा घेऊन येताना उतारावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सुखदेवने तिला जळगावला नेलं, महिनाभर तिथे ठेवलं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही.

त्यानंतर सुखदेव माझ्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, शब्द नाही. मोजणीचे दिवस आले की तो यायचाच, कारण माझी विहीर त्याच्या यादीत होती. सायकल लावायचा, खडू घासायचा, टेप सोडायचा, आकडा लिहायचा आणि जायचा. मी बांधावर उभा असायचो. पहिल्या वेळी मी म्हणालो, "वांगी भाजतो, बस." त्याने वही पिशवीत घातली आणि निघाला. अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत अक्का वारली. मी अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चाललो आणि वेशीपासून परत फिरलो.

चौथ्या वर्षी बोअरने दम तोडला. घड भरत आले होते आणि मोटर नुसती हवा फेकायला लागली. मी अजून खोल जायचं ठरवलं, बोअरवाल्याशी बोलणंही झालं. त्याच आठवड्यात सुखदेव मोजायला आला. जुन्या विहिरीत टेप सोडला, वर ओढला. खडू कोरडा. त्याने टेप पुसून गुंडाळला, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बोलला.

"ही विहीर मले दे."

मला कळेना. कोरडी विहीर काय करायची? तो काठावर बसला आणि सांगायला लागला. वर्षानुवर्षांच्या मोजणीत त्याच्या ध्यानात आलं होतं, की जिथे नाल्याचं पाणी अडतं, निदान चार दिवस थांबतं, तिथल्या आसपासच्या विहिरी उशिरापर्यंत धरतात. पावसाळ्यात हा नाला तुडुंब वाहतो आणि सगळं पाणी तापीत निघून जातं. त्यातलं थोडं वळवून, दगड-वाळूतून गाळून, या विहिरीत सोडायचं. विहीर भरायची नाही. ती पिऊन टाकेल आणि जमिनीला देईल. त्याने वर कागद पाठवले होते, ते तिथेच होते. गावात तीन-चार जणांना विचारलं, तर लोक म्हणाले, चांगल्या विहिरीत गाळ घालतोस का?

मी म्हणालो, "मग मलाच का विचारतोस? इतक्या वर्षांनी?"

तो विहिरीत बघत होता. म्हणाला, "ही विहीर माह्या मायनं-बापानं खोदली. तुह्या आजोबानं काम काढलं होतं. बाप सुरुंगाची भोकं पाडे, माय मुरमाच्या पाट्या वर आने. तव्हा मी तिच्या पोटात होतो." मग म्हणाला, "तिले या विहिरीचं पानी कधी हातानं काढता नाही आलं. पन खोदली तिनं."

मी जन्मभर त्या विहिरीचं पाणी प्यायलो होतो. तिचे दगड कोणी काढले हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी विहीर दिली. बोअरवाल्याला नको म्हणून कळवलं. सुखदेवने आणखी एक अट घातली, की वरच्या शेतातली केळी काढायची आणि तिथे ज्वारी-उडीद घ्यायचा. नाहीतर एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने ओढायचं, याला अर्थ नाही. यावर मी अडून बसलो. दोन दिवस घरात बोललो नाही. तिसऱ्या दिवशी निर्मला स्वतःच विळा घेऊन वरच्या शेतात गेली आणि सुकत चाललेल्या बागेतली खोडं पाडायला लागली. मी धावत गेलो. ती म्हणाली, "अक्काच्या हातची भाकर तुम्ही शाळेत खाल्ली आहे ना? मग आता बोलू नका, दुसरा विळा घ्या."

उन्हाळाभर आम्ही खणलं. सुखदेवने साठवलेली रजा काढली. वस्तीतून बारा-पंधरा माणसं आली, बायका जास्त. ती का आली हे मला कळत नव्हतं, कारण काट्यांचा झाप त्यांनीही पाहिला होता. कदाचित सुखदेवसाठी आली, कदाचित पाण्यासाठी. नाल्यापासून विहिरीपर्यंत चर, मध्ये मोठा खड्डा, त्यात खाली गोटे, वर खडी, त्यावर वाळू. कमलवहिनी दुपारी डबा घेऊन यायची. ती माहेरची धुळ्याकडची, तिची अहिराणी ऐकून आमच्याकडच्या बायका हसायच्या. पहिल्यांदा विहिरीत वाकून बघितलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "आते काय शे हाई विहीरमा? नुसता दगड शेतस!" सगळ्यांबरोबर सुखदेवही हसला. त्याला असं हसताना मी किती तरी वर्षांनी पाहत होतो.

त्या हसण्याने मला धीर आला असावा. त्याच दुपारी आम्ही दोघंच खड्ड्यात गोटे रचत होतो आणि मी बोलून गेलो. "सुखदेव, त्या दिवशी अक्का सावलीत बसली होती. मोटर चालू झाल्यावर आवाज दे म्हणाली होती. मी दिला नाही." मला वाटत होतं, त्याला हे ठाऊक आहे. त्याचसाठी चार वर्षं तो बोलला नाही, असंच मी धरून चाललो होतो. त्याच्या हातातला गोटा हातातच राहिला. तो म्हणाला, "मायनं मले हे सांगलं नाही." दवाखान्यात महिनाभर, घरी अंथरुणावर तीन वर्षं... तिने मुलाला माझं नाव सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, ती नेहमीसारखी लांबच्या विहिरीवर गेली आणि पडली. त्याचा राग बोअरचा होता. ती त्या काट्यांपाशी थांबली होती, याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्याने गोटा खाली ठेवला, वर चढला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. माणसं विचारत होती. त्याच्याही पुढच्या दिवशी नाही. काम थांबल्यासारखंच झालं. मी एकटा वाळू चाळत बसायचो आणि रस्त्याकडे बघायचो. चौथ्या दिवशी ऊन चढल्यावर तो आला. डोळे सुजलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खडी किती आली?" मी म्हणालो, "दोन गाड्या." तो म्हणाला, "अजून एक लागीन." आणि कामाला लागला. त्याने मला माफ केलं का, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या दिवशी दुपारी त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली.

पहिल्या वर्षी सगळा फज्जा उडाला. श्रावणात नाल्याला असा लोंढा आला की चराचं तोंड फुटलं, गाळ विहिरीत गेला, खालच्या बागेच्या दोन ओळी वाहून गेल्या. गाव बघायला लोटलं. सुखदेव गुडघाभर चिखलात उभा होता, आणि लोक काय बोलतात हे ऐकू येत असूनही चर कुठे फुटला तेच निरखत होता. "तोंड रुंद झालं, पल्हाद. पानी हळू आलं पायजे." पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा खणलं, तोंडाला दगडी पायऱ्या बांधल्या. त्या पावसात पाणी गाळून, शहाण्यासारखं विहिरीत उतरलं. दिवसभर उतरत राहिलं आणि विहीर काही भरेना. निर्मला म्हणाली, "किती तहान लागली असेल तिला."

त्याच्या पुढच्या वर्षी वस्तीच्या विहिरीला वैशाखापर्यंत पाणी राहिलं. कमी होतं, तळाशी होतं, पण होतं. मला वाटलं होतं, सुखदेव आनंदाने ओरडेल. त्याने टेप तीनदा सोडला, तीनदा पाहिला, आकडा लिहिला आणि विहिरीच्या काठाला पाठ टेकून बसून राहिला. वरच्या शेतात ज्वारी उभी राहिली. कापणीला वस्तीतल्या बायका आल्या आणि निर्मलाने कोणालाही न विचारता जुन्या पद्धतीने मजुरी धान्यात दिली, वर रोखही दिली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. गावात पाच-सहा जणांनी आमच्यासारखं केलं, बाकीच्यांनी अजून खोल बोअर घेतले. एका वर्षी पाऊस दडी मारून बसला तेव्हा वस्तीची विहीर पुन्हा आटली, पुन्हा टँकर आला. तेव्हा सुखदेव म्हणाला, "आपन एक विहीर पाजली. अख्ख्या गावाची तहान मोठी हाये." पण त्या वर्षी माझ्या बोअरला परत आलेलं जे काही पाणी होतं, ते पहिल्यांदा वस्तीत गेलं. मी स्वतः आवाज द्यायला जात होतो.

पुढे त्याची धुळ्याला बदली झाली. तरी एप्रिलमध्ये जयंतीला तो गावी यायचाच, आणि मिरवणूक संपली की टेप घेऊन माझ्याकडे. आता ते त्याचं काम नव्हतं. गेल्या एप्रिलमध्ये आला तेव्हा बांध चढताना दोनदा थांबला. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." म्हणाला, "दाखवलं. तो म्हनतो आराम कर. निवृत्त मानसानं अजून काय करावं?" आम्ही नाल्याच्या कडेला बसलो. वांग्यांचा मोसम गेला होता, निर्मलाने नुसता ठेचा आणि भाकरी पाठवली. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचं सगळं वजन त्या हातावर आलं हे मला जाणवलं. मी त्याला बसस्टँडपर्यंत सोडलं. तीच शेवटची भेट.

परवा मी पुन्हा धुळ्याला जाऊन आलो. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, सुजाता आपल्या शाळेवर रुजू झाली. कमलवहिनी एकटीच होती. "बठ्ठं घर खाली लागस, भाऊ," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात दार वाजलं. साक्रीच्या बाजूची दोन माणसं होती, एक वयस्कर, एक माझ्या मुलाच्या वयाचा शेतकरी. तायडेसाहेब आहेत का, असं विचारत होती. साहेबांनी त्यांच्या गावचा नाला बघायला यायचं कबूल केलं होतं, पण बरेच दिवस झाले, आले नाहीत, म्हणून ती विचारायला आली होती. त्यांना काही कळलेलं नव्हतं. वहिनीने आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "पानी पी ल्या भाऊ, मंग सांगस." त्यांनी पेले खाली ठेवल्यावर तिने सांगितलं. त्या वयस्कर माणसाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ती दोघं उठायला लागली. एवढ्या लांबून आलेली माणसं, हात हलवत परत निघालेली. मी म्हणालो, "थांबा. मी येतो."

मला मोजता येत नाही. जमिनीखाली काय चालतं हे मला कळत नाही. पण चराचं तोंड कसं फुटतं ते मी पाहिलं आहे, वाळू किती चाळावी हे माझ्या हातांना माहीत आहे. वहिनीने तिघांसाठी भाकरी बांधून दिली. त्यांच्या गावी पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. नाला कोरडा, पांढऱ्या वाळूचा. पाच-सहा माणसं जमली, दोन-तीन बायकाही आल्या. मी नाल्यात उतरलो आणि आधी चपला काढल्या. सुखदेव कोणत्याही नाल्यात उतरला की हेच करायचा. अनवाणी चालायचा, एखाद्या जागी थांबायचा, पायाला गार लागलं की तिथे टाचेने खूण करायचा. मी कधी विचारलं तर म्हणायचा, "टेप नंतर. आधी पाय." मी चालत राहिलो. वाळू पोळत होती. वळणापाशी, एका खडकाच्या पोटाला, तळव्याला किंचित गारवा लागला. मी टाचेने खूण केली.

काठावर उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्हीच का ते पाण्याचे साहेब?"

"नाही," मी म्हणालो. "मी त्यांचा दोस्त."